‘बी.एड. करते मग’: एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

नैराश्याचं हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. विद्यापीठांच्या समुपदेशन कक्षांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते उभं केलं आहे. गुणांकनाचे आणि आठवड्यांचे आकडे अशा प्रकरणांत साधारण दिसतात तसे ठेवले आहेत. कायदे, सर्वेक्षणं आणि उपचारांची माहिती मात्र जशी आहे तशी दिली आहे.

विभागात आली ती सहीसाठी

मुलगी २२ वर्षांची, सेंद्रिय रसायनशास्त्र, एम.एस्सी.चं तिसरं सत्र, पुण्यात वसतिगृहावर. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती विभागात टी.सी.चा अर्ज घेऊन आली. ना रडणं, ना तक्रार. “गावाकडं जाते, बी.एड. करते मग. घरच्यांना पण तेच बरं वाटतंय.” समोरच्या प्राध्यापकांना यात वावगं काही दिसलं नाही. मुलगी, शिक्षिकेची नोकरी, गावाजवळ, घर सांभाळून होण्यासारखी. त्यांनी पेन उघडलंसुद्धा. अर्ज अडला तो प्रयोगशाळा सहायकामुळे. तो म्हणाला, “हिचं जर्नल बघा आधी.”

जर्नलात पहिले चार प्रयोग नेटके. पाचव्यात फक्त उद्देश आणि अर्धी अभिक्रिया. पुढची पानं कोरी, पण प्रत्येक पानावर समास आखलेला आणि तारीख टाकलेली. अकरा पाळ्यांपैकी सहांना ती गैरहजर होती. हजर होती त्या दिवशीही तिने कच्चं उत्पादन पुनर्स्फटिकीकरण (विरघळवून, पुन्हा स्फटिक आणून शुद्ध करणं) न करताच टाकून दिलं होतं. पहिल्या सत्रात ८.१ एसजीपीए (सत्राची दहापैकी सरासरी श्रेणी), दुसऱ्यात ६.४ आणि स्पेक्ट्रोस्कोपीचा एक पेपर राहिलेला. गुणपत्रिका सगळ्यांकडे होती. जर्नल कुणी उघडलं नव्हतं.

या प्रकरणातला पहिला अडथळा इथेच आहे. याच वर्गातला एखादा मुलगा “पीएच.डी. नको, गावी जातो” म्हणाला असता, तर घरून तीन फोन आले असते. मुलीने स्वप्न लहान केलं की त्याला समजूतदारपणा म्हणतात. आजाराचं लक्षण चांगल्या वागणुकीसारखं दिसतं, त्यामुळे ते आजारात धरलंच जात नाही.

मागची गोष्ट, थोडक्यात

घर लातूर जिल्ह्यात, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन. मोठ्या बहिणीचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं. धाकटा भाऊ नीटसाठी दुसऱ्यांदा लातुरात क्लासला. हिने बी.एस्सी.ला ८२ टक्के मिळवले, तेव्हा वडिलांनी पुण्याला पाठवलं ते एका अटीवर: दोन वर्षं, मग स्थळं बघायची. तिचा बेत वेगळा होता. सेट-नेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा), मग पीएच.डी., मग कॉलेजवर शिकवायचं.

दुसऱ्या सत्रात भावाच्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता आला आणि हिला महिन्याला येणारे ४५०० रुपये ३००० वर आले. ती संध्याकाळी दहावीच्या दोन मुलांना शिकवायला जाऊ लागली. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, बघण्याचा कार्यक्रम झाला. “मुलगी जास्त शिकलीय” म्हणून नकार आला. म्हणजे शिकून चूक झाली हे तिला घरात ऐकवलं गेलं आणि नापास होऊन दुसरी चूक तिने स्वतःच केली होती. जुलैपासून पहाटे चारपर्यंत झोप नाही, उठायला अकरा, मेसची सकाळची वेळ हुकलेली, तीन महिन्यांत सहा किलो वजन कमी. खोलीतल्या मुली म्हणायच्या, मोबाईल बघत बसते.

पहिली भेट: काय विचारलं

जर्नल पाहिल्यावर तिला समुपदेशन कक्षात आणलं. तिथे आधी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मराठीतून भरून घेतली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहापासून पुढे लक्ष घालायचं, १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र, २० पासून पुढे तीव्र. तिचे १७ आले. ही चाळणी आहे, निदान नाही. निदान मुलाखतीनंतर मानसोपचारतज्ज्ञच करतात.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, तिने १ लिहिलं होतं. एक म्हणजे थोडंच, असं धरून पुढे जाणं ही नेहमीची चूक. शून्य सोडून काहीही आलं की त्याच बैठकीत सरळ विचारायचं: विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी असं काही केलंय का, आणि आजवर कशामुळे थांबलीस. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. बहुतेक वेळा समोरच्याला हायसं वाटतं. तिने काही ठरवलेलं नव्हतं, “सकाळी उठूच नये असं वाटतं” एवढंच होतं. तरी तीन गोष्टी त्याच दिवशी झाल्या. प्रयोगशाळेत एकटीने उशिरा थांबायचं नाही असं ठरलं. ज्या मैत्रिणीवर तिचा भरवसा होता तिला, हिच्या परवानगीने, बोलावून घेतलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिने तिथेच फोनमध्ये साठवला. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आहे आणि मराठीतही मिळते.

मग रक्ततपासणी. हिमोग्लोबिन ९.२, थायरॉइड ठीक, बी-१२ कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे यात नवल नाही. थकवा, लक्ष न लागणं हे रक्तक्षय आणि नैराश्य दोन्हींत सारखंच दिसतं, म्हणून तपासणी टाळायची नसते. पण रक्तक्षय सापडला की एक सोयीची पळवाट तयार होते. “रक्त कमी आहे” हे घरी सांगता येतं, नातेवाइकांना सांगता येतं, आणि मग पुढचं काहीच होत नाही. इथे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या (चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर, मेसमध्ये ही अट पाळणं वाटतं तितकं सोपं नाही) आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच आठवड्यात घेतली.

त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध ५ मिलीग्रॅमने सुरू करून आठवड्याने १० केलं. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि फरक काहीच दिसत नाही. याच काळात मुलं गोळ्या सोडतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट ठेवली.

चुकलेल्या तीन गोष्टी

उपचार सुरू झाले त्याच पंधरवड्यात तीन माणसांनी भल्यासाठी तीन चुका केल्या.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी रोज सहा तासांचं अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं. दुसऱ्याच दिवशी ते मोडलं. निरोगी विद्यार्थ्याचं वेळापत्रक मोडलं तर तो वेळापत्रक बदलतो. नैराश्यातल्या विद्यार्थ्याकडे मात्र ‘आपल्याला जमत नाही’ याचा आणखी एक पुरावा जमा होतो.

दुसरी चूक करिअर मार्गदर्शन कक्षाची. तिथे तिची अभिरुची चाचणी घेतली आणि अहवाल आला: संशोधनात रस कमी, नेमून दिलेल्या कामाकडे कल. अहवाल फाइलला लागला. ज्या मुलीला जेवणात, गाण्यात, मैत्रिणीच्या वाढदिवसात रस उरलेला नाही, तिला संशोधनात रस कसा दिसेल? चाचणीने आवड मोजली नाही, आजार मोजला. कागदावर मात्र ते ‘कल’ म्हणून छापलं गेलं. पीएचक्यू-९ दहाच्या खाली येऊन महिना लोटेपर्यंत अशी चाचणी घेऊ नये, शाखा बदलू नये, टी.सी. काढू नये. हा साधा नियम करिअर कक्षांच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

तिसरी चूक वसतिगृहातून झाली. तिला न विचारता घरी फोन गेला आणि वडील दुसऱ्या दिवशी न्यायला आले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क रुग्णाला आहे. सज्ञान मुलीच्या घरी कळवायचं तर तिची संमती लागते. जिवाला धोका असेल तर अपवाद. इथे तसा अपवाद नव्हता. वडिलांची समजूत घालून त्यांना परत पाठवण्यात दोन तास गेले. तिचा विश्वास परत यायला तीन आठवडे लागले.

दोन प्रश्न, दोन आकडे

या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी वही. लेंट, ब्राउन आणि हॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेल्या करिअरविषयक सिद्धांतात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत: मला हे जमेल का, आणि जमलं तर त्याचं पुढे काही होईल का. ध्येय या दोन्हींवर उभं राहतं. विद्यार्थ्यांच्या ‘मोटिव्हेशन’वर बोलताना आपण दोन्हींचा काला करतो आणि मग भाषणं देतो.

तिला दर सोमवारी दोन आकडे लिहायला सांगितले, ० ते १०. पहिला: ‘सेट-नेट, पीएच.डी. मला जमेल का?’ दुसरा: ‘जमलं तर मला करू देतील का?’ पहिल्या आठवड्यात दोन्हींपुढे २. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही २ एकाच खचलेल्या मनाचे वाटतात. तसे ते आहेत की नाही, हे उपचारांनंतरच कळतं.

काम कसं सुरू केलं

मन लागलं की काम करू, असं थांबून चालत नाही. आधी हात हलवायचा, मन मागून येतं. वर्तन सक्रियतेची पद्धत ती हीच. पहिले दोन आठवडे तीनच कामं: आठला उठणं, मेसमध्ये नाश्ता, विभागापर्यंत चालत जाणं. आत गेली नाही तरी चालेल. प्रत्येक कामापुढे दोन नोंदी: मन कसं होतं आणि ‘हातून झालं’ असं किती वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या शिक्षिकेने तिला राहिलेला सातवा प्रयोग दिला नाही. पदवीच्या वर्गातला दिला: ॲसिटॅनिलाइडचं पुनर्स्फटिकीकरण. गरम पाण्यात विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं, थंड होऊ द्यायचं. फ्लास्क थंड झाला तरी स्फटिक येईनात. ती तो बेसिनकडे नेऊ लागली. शिक्षिका म्हणाली, “थांब गं, काचेच्या कांडीने आतून भिंत घास.” चार-पाच वेळा घासल्यावर घासल्या जागी पांढरी रेघ उमटली आणि मिनिटभरात फ्लास्क चकचकीत पात्यांनी भरला. वितळणबिंदू ११२ ते ११४ अंश सेल्सिअस आला. पुस्तकात ११४ च्या आसपास असतो. त्या सोमवारी ‘जमेल का’पुढे ४ होते.

हा प्रयोग योगायोगाने निवडलेला नव्हता. आपल्याला जमतं हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः काहीतरी पूर्ण केल्यावर. शाबासकी आणि प्रेरणादायी व्हिडिओ त्यानंतर. त्यासाठी काम इतकं सोपं हवं की यश जवळपास नक्की, आणि इतकं खरं हवं की ते लुटुपुटूचं वाटू नये. राहिलेले सात प्रयोगही क्रमाने न घेता सोप्याकडून अवघडाकडे घेतले. एका बैठकीत २५ मिनिटं, त्यात फक्त उद्देश आणि अभिक्रिया, दुसऱ्या बैठकीत निरीक्षणं. बिघडायचं ते चांगल्या दिवशी. बरं वाटलं की ती मागची भरपाई करायला पाच तास बसायची आणि पुढचे दोन दिवस पलंगावर. म्हणून नियम केला: चांगल्या दिवशीही ठरलेल्याच्या दीडपटच, त्यापुढे नाही.

रात्रीचा प्रश्न वेगळा होता. दुःखाचं तेच ते रवंथ मुलींत जास्त आढळतं, यावर मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९८० च्या दशकापासून काम केलं. वसतिगृहात त्याचं सामूहिक रूप दिसतं. दोन मैत्रिणी रात्री दोनपर्यंत एकमेकींची तीच गोष्ट पुन्हापुन्हा उगाळतात. त्यातून जवळीक वाढते आणि उदासीही वाढते. बोलणं बंद करा असं सांगणं मूर्खपणाचं. तो तिचा एकमेव आधार होता. त्याऐवजी वेळ बदलली. रात्री नऊ ते साडेनऊ, चालत चालत बोलायचं आणि शेवटची पाच मिनिटं ‘उद्या काय’ एवढंच.

त्याच वर्गातला मुलगा

तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा उल्लेख इथे हवा, नाहीतर चित्र एकांगी होईल. तो कक्षात आपणहून कधीच आला नाही. रेक्टरकडून आला, तोही मारामारीच्या तक्रारीवरून. चिडचिड, रात्रभर खेळ, दारू. पीएचक्यू-९ मध्ये चिडचिडीवर प्रश्नच नाही, त्यामुळे त्याचे ९ आले आणि कागदोपत्री तो ‘सौम्य’ ठरला. त्याची स्वप्नं लहान झाली नव्हती, ताठर झाली होती. “पीएसआय, नाहीतर काहीच नाही.” मुलींना नैराश्य झाकायला बी.एड. आणि लग्न मिळतं, मुलांना एमपीएससीची अभ्यासिका. तिथे चार वर्षं खुर्ची अडवून बसलेल्या मुलाला कुणी आजारी म्हणत नाही, जिद्दी म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने स्त्रियांत नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आहे. उलट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांमध्ये पुरुष ७१.८ टक्के. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात १,७६४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत जास्त. मुली चाळणीत दिसतात, मुलं निसटतात. म्हणून मुलांना फक्त ‘उदास वाटतं का’ विचारून भागत नाही. झोप, भांडणं, पैसे उडवणं, दारू, गाडी बेफाम चालवणं हेही विचारावं लागतं.

घरच्यांशी बोलणं

सहाव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चं गुणांकन ८ वर आलं. वहीत पहिला आकडा ६, दुसरा २ वरच. आता तिच्या संमतीने वडिलांना आणि मामांना बोलावलं. वडील म्हणाले, “आमी कुठं नाही म्हणतोय मॅडम? पर गावात ऱ्हावं लागतंय आमाला.” या वाक्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, ते खरंच असतं. चर्चा ‘मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व’ इथे नेली की सगळे माना डोलावतात आणि काहीच ठरत नाही. म्हणून चार नेमके प्रश्न ठेवले. स्थळं बघायची ती कुठल्या महिन्यापासून? तोवर पाहुणे आले तर तिला बोलावणार का? महिन्याला किती पैसे? सेट पास झाली तर पुढे काय?

जूनपर्यंत कार्यक्रम नाही, हे ठरलं. पैसे पुन्हा ४०००. जेआरएफला (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात हे ऐकून मामांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला. पीएच.डी.ला मात्र वडिलांनी होकार दिला नाही, नकारही नाही.

मग दिवाळी. बारा दिवस घरी. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषांची ८८. तिने ठेवलेल्या नोंदीत फराळाच्या चार दिवसांत सात-सात तास होते. भाऊ माडीवर अभ्यासाला. त्याला चहा नेऊन देण्याचं कामही तिचंच. परत आली तेव्हा गुणांकन १२. हा आजार उलटला असं समजून औषध वाढवण्याची घाई तज्ज्ञांनी केली नाही. दोन आठवडे पुण्याच्या दिनक्रमात काढून पुन्हा मोजलं, ९ आले. सुट्टीला जाण्याआधी सुट्टीचा आराखडा करायचा राहून गेला होता. पुढच्या वेळी केला: पहाटेचा एक तास, आजीच्या खोलीत, दार लावून. आजीने पहारा दिला.

कागदपत्रांची बाजू

टी.सी.चा अर्ज मागे घेतला. गैरहजेरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागलं. त्यावर आजाराचं नाव न लिहिता ‘वैद्यकीय उपचारांखाली’ एवढंच लिहून घेतलं. स्पेक्ट्रोस्कोपीचा राहिलेला पेपर या सत्रात न देता पुढे ढकलला. एकावेळी पाच पेपर देऊन तीन गमावण्यापेक्षा चार देऊन चारही काढणं बरं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं, आणि त्याच वर्षी जुलैत १०० वा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं. नेमणुका होतील तेव्हा होतील. कक्षाचं दार परीक्षा विभागाच्या रांगेसमोर उघडत असेल, तर मुली आत जाणार नाहीत, एवढं आत्ताच बघता येतं.

बाराव्या आठवड्याअखेर

पीएचक्यू-९: ६. ‘जमेल का’: ७. ‘करू देतील का’: ३.

हिमोग्लोबिन ११ झालं, झोप जागेवर आली, जर्नल पूर्ण झालं. नैराश्य ओसरलं तसा पहिला आकडा वर गेला. दुसरा जवळपास तिथेच राहिला. म्हणजे सुरुवातीचे दोन ‘२’ एका जातीचे नव्हते. पहिला औषधाने आणि कामाने हलला. दुसऱ्यावर गोळी नाही. यानंतरही ‘अजून तुझं मोटिव्हेशन कमी आहे’ म्हणून तिच्यावर आणखी सत्रं लादली, तर तो तिच्यावर अन्याय होतो. ती घरातली परिस्थिती बरोबर वाचते आहे. उलट दुसरा आकडा कमी आहे म्हणून सगळं ‘समाजाचं’ म्हणत पहिल्या दिवशी उपचारच केले नसते, तर ती सप्टेंबरात टी.सी. घेऊन गेली असती.

तिसऱ्या सत्राला ७.२ आले. सेटचा अर्ज भरला, आणि बी.एड.च्या सीईटीचाही. अभिरुची चाचणी फेब्रुवारीत पुन्हा घेतली. जुना अहवाल फाइलमधून काढून टाकायला करिअर कक्षाला दोन पत्रं द्यावी लागली.

औषध बरं वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवायचं असतं, म्हणजे जून-जुलैपर्यंत, आणि जूनपासूनच घरी पाहुणे येऊ लागणार. गोळ्या घरात कुठे ठेवायच्या, बॅग भरताना कुणी बघितल्या तर काय सांगायचं, मध्येच बंद केल्या तर चक्कर आणि बेचैनी कशी येते, यावर एप्रिलमधलं एक पूर्ण सत्र गेलं. आईला सांगायचं असं तिने ठरवलं. आईने विचारलं ते इतकंच: “पाहुण्यांनी इचारलं तर काय सांगायचं गं?” त्यावर मायलेकींचं अजून ठरलेलं नाही. पुढची भेट जूनच्या पहिल्या सोमवारी ठेवली आहे.